दोन खोल्यांमधली भिंत

नातीच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात ग्रंथालय दाखवतात, सही घेतात, की संपलं! पुढे प्रकल्प आला की गूगलवर पहिलं दिसेल ते उतरवायचं. वर मार्कही मिळतात.

अमेरिकेतल्या अर्लहॅम कॉलेजात इव्हान फार्बर १९६२ ते १९९४ ग्रंथपाल होते. त्यांनी प्राध्यापकांनाच गाठलं. निबंध दिला की त्याच विषयाच्या तासाला ग्रंथपाल संदर्भ शोधायला नि पारखायला शिकवायचे. गरजेच्या वेळी शिकवलेलंच मुलांच्या डोक्यात राहतं, हे ३५ वर्षं फळ्यापुढे उभं राहून मलाही पटलंय.

आपले रंगनाथन तर १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी गणितच शिकवत होते! मग आपल्याकडे वर्ग आणि ग्रंथालय यांच्यात एवढी जाड भिंत का? तुमच्या मुला-नातवंडांचा अनुभव काय, जरूर कळवा.