पेणला काय काम?

आमच्या घरात प्रवासाला कारण लागते. आजोबा मुंबईला गेले ते गिरणीत कामाला. तेव्हा धरमतरहून लाँच असायची, असे ते सांगत. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. बाबा पनवेलला जातात ते ठेकेदाराकडे अडकलेले पैसे मागायला. आत्या अलिबागला जाते ती कोर्टाच्या तारखेला. आणि आई? ती माहेरी जाते लग्नाला नाहीतर दिवसकार्याला, आणि तीही शेवटच्या एस.टी.ने परत. ‘फिरायला जाणे’ हा शब्दप्रयोग मी आयुष्यात प्रथम पाहिला तो शाळेच्या पुस्तकात. बोलण्यात तो आमच्याकडे नाही. त्याऐवजी ‘उंडारणे’ असा एक शब्द आहे, आणि मुलींच्या बाबतीत तो फार चटकन वापरला जातो.

एस.वाय.ला आल्यावर सरांनी प्रवासवर्णन शिकवायला घेतले आणि ट्युटोरियलला विषय दिला, ‘मी केलेला एक प्रवास’. आली पंचाईत! मी सरळ काश्मीरवर चार पाने लिहून दिली. दल सरोवर, शिकारे, चिनारची लाल पाने, सगळे यथास्थित होते. सरांनी वर्गात काही विचारले नाही ही त्यांची कृपा. नंतर व्हरांड्यात थांबवून म्हणाले, “छान लिहिलंयस. कधी गेली होतीस?”

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. सर हसले. म्हणाले, “अगं, आपले गोडसे भटजी इथलेच, पेण तालुक्यातल्या वरसईचे. काश्मीर राहू दे. तू रोह्याच्या अलीकडचं एखादं स्टेशन तरी बघून ये.”

मी ‘माझा प्रवास’ ग्रंथालयातून आणून वाचले. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले आणि ऐन बंडात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, हे परीक्षेपुरते मला ठाऊक होतेच. पण ते निघाले कशासाठी? घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, असे कानावर आले होते. म्हणजे मराठीतले एवढे गाजलेले प्रवासवर्णन, पण त्याच्याही मुळाशी कामच! पुस्तक छापून निघाले ते १९०७ साली. मला उगाचच बरे वाटले. आमच्या घराण्याची रीत अगदीच जगावेगळी नव्हती तर.

त्याच सुमारास वाचनालयात एका रविवारच्या पुरवणीत हॉलंडवर लेख सापडला. तिथले लोक म्हणे शनिवारी सकाळी आगगाडीत बसतात आणि एखाद्या लहानशा गावी जाऊन येतात. डेल्फ्टला निळ्या नक्षीची मातीची भांडी पाहायची, गौडाला चीजची दुकाने पाहायची, कालव्याकाठी कॉफी प्यायची आणि घरी यायचे. कोणी आजारी नाही, कोणाचे लग्न नाही! मी लेख दोनदा वाचला. मातीची कला असलेले आणि एका खाण्याच्या पदार्थासाठी प्रसिद्ध असलेले लहान गाव तर आमच्याही रेल्वेवर आहे, हे माझ्या ध्यानात आले ते दुसऱ्या वाचनाच्या वेळी.

घरी विषय काढला तेव्हा आई भात पाखडत होती.

“पेणला? काय काम हाय पेणला?”

“काम नाही. बघायला.”

“काय बघायला?”

“पेण.”

आईने सूप खाली ठेवले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. मी मैत्रिणीचे नाव सांगितले. मैत्रिणीने दोन दिवसांनी अंग काढून घेतले. तिच्याही घरी तोच प्रश्न विचारला गेला होता. शिकवण्यांचे पैसे माझ्याजवळ होते, तिकीट तर वडापावाहून स्वस्त. पण एकटीने जायचे नाही, हे पक्के होते. अखेर आईच म्हणाली, “मी येतो. पापड आणायचेच हायेत.” आमच्याकडे बायकाही ‘येतो’ म्हणतात. पापड आणायचे नव्हते. गेल्या उन्हाळ्यातले दोन डबे घरात तसेच होते.

जानेवारीतला शनिवार. बाबांची धाटावला पहिली पाळी होती. ते गेल्यावर आम्ही निघालो. रोहा स्टेशनात दिव्याहून आलेल्या गाडीतून मुंबईची मुले-मुली उतरत होती; पाठीवर पिशव्या, डोक्याला टोप्या. कोलाडला कुंडलिकेच्या पाण्यात राफ्टिंग करायला येतात ती. त्यांतल्या एकीने मला विचारले, रोह्यात पाहण्यासारखे काय आहे? आता सांगायला काय कमी होते? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घर इथले. धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात. पण मी म्हणाले, “काही विशेष नाही.” आणि मग वाटेभर स्वतःवर चिडले.

पनवेलकडून रूळ रोह्यापर्यंत आले ते १९८६ साली. पुढे कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते, आणि २६ जानेवारी १९९८ ला ती सबंध मार्गावर खुली झाली. तेव्हापासून बऱ्याचशा लांबच्या गाड्या आमच्याकडे न पाहताच पुढे जातात. आमची आपली मेमू. ती मात्र निडीलाही थांबते, कासूलाही थांबते, आणि कोणी चढो न चढो, थांबल्यासारखी थांबते.

आई खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. नागोठण्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रोह्याकडे भातामागून शेतात वाल पेरतात. ते हिरवे तुकडे मागे पडले आणि कासूच्या पुढे खारेपाट सुरू झाला. मोकळी, करड्या रंगाची जमीन, मध्येच पाणी चमकते, दूर डोलवीच्या बाजूला धुरांडी. भूगोलाच्या तासाला हॉलंडचे समुद्र हटवून मिळवलेले शेत आम्ही आकृतीसह लिहितो. इथे खाडीला बांध घालून, भरतीचे पाणी अडवणारी उघाडी बसवून लोक पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवतात, त्याची आकृती कोणी काढायला सांगत नाही. मी आईला हे मोठ्या उत्साहाने सांगू लागले. ती म्हणाली, “माझ्या मामाची जमीन अशीच गेली. खांड पडली बांधाला. खारं पानी शिरलं का मग तीन-चार वर्सं भाताचं नाव घ्यायचं नाय.” माझे व्याख्यान तिथेच संपले.

पेणला उतरून मिनीडोरने गावात आलो. आणि आता काय? कामाशिवाय आलेल्या माणसाने पहिल्यांदा कुठे जायचे असते हे आम्हां दोघींनाही माहीत नव्हते! आई बाजारातून झपाझप चालत होती, जणू कोणीतरी वाट पाहत आहे. मी दोनदा म्हटले, “आय, सावकाश.” ती सावकाश चाले आणि दहा पावलांवर पुन्हा तसेच.

एका वळणावर ती थांबली. समोर औषधाचे दुकान होते, वर बंद खिडक्या. “इथंच होता दवाखाना,” ती म्हणाली. धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना काविळीने आजारी होता, तेव्हा अकरा दिवस ती इथे राहिली होती. मी आजीजवळ होते, मला काही आठवत नाही. “अकरा दिवस व्हतो, पन पेण नाय बघितलं. खाली येऊन चहावाल्याकडनं गरम पानी न्यायचं आनि वर जायचं.” चहावाला आता नव्हता. आम्ही पुढे गेलो. यानंतर मात्र ती हळू चालू लागली.

गणपतीच्या कारखान्यात शिरायला मला भीड वाटत होती. दारात उभे राहिलो तर आतल्या बाई म्हणाल्या, “या ना, बघा.” हमरापूर, जोहे आणि पेण मिळून इथे घरोघरी हेच काम चालते, इथले गणपती परदेशांतही जातात, हे मी वाचले होते. वाचणे वेगळे. पाहावे तिकडे पांढरे गणपती, मांडणीवर जमिनीपासून छतापर्यंत. काहींचे हात अजून बसवायचे, काही रंगलेले पण आंधळे. माघातल्या गणेशोत्सवाची घाई होती. डोळ्यांच्या आखणीचे काम सर्वांत शेवटी होते आणि ते प्रत्येकाला देत नाहीत. एक बाई खिडकीच्या उजेडात बसून तेच करत होत्या. कुंचल्याला चार केस असतील नसतील. त्या श्वास धरायच्या, एक रेघ ओढायच्या, श्वास सोडायच्या. बुबुळ भरले की मूर्ती एकदम आपल्याकडे बघू लागते. मला अंगावर काटा आला. आईने पदर डोक्यावर घेतला.

आणि मग तिने विचारले, “दिसाला किती व्हतात?”

मी मनात म्हटले, झाले! बाईंनी आकडा सांगितला. आईने विचारले, नगावर मिळतात की रोजावर? हात बसायला किती दिवस लागतात? रोह्याहून रोज येणाऱ्या बायका आहेत का? मी तिचा हात दाबला. आपण इथे पाहायला आलो आहोत, नोकरी मागायला नव्हे, असे मला म्हणायचे होते; शरमेने माझे कान तापले होते. पण आई ऐकेना. “माझा हात रांगोळीत बसलेला हाय,” ती त्या बाईंना म्हणाली. हे खरे आहे. गावात लग्न असले की चौकातली रांगोळी आईचीच असते. मात्र कधी कोणी तिला त्याबद्दल विचारले नव्हते, मीसुद्धा.

बाई हसल्या. कान तुटलेला एक वीतभर गणपती त्यांनी तिच्यापुढे ठेवला, कुंचला दिला. “घ्या, ओढा रेघ.” आईने कुंचला घेतला आणि मूर्तीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान हलवली. “डोळ्यांना नको. देवाचा डोळा माझ्यानं वाकडा झाला तर?” तिने पितांबराचा काठ घेतला. लाल रंगात बारीक बारीक वेलबुट्टी, गुडघ्यापासून पावलापर्यंत. किती वेळ गेला कोण जाणे. त्या बाईसुद्धा आपले काम थांबवून पाहत होत्या. मी घड्याळाकडे पाहिले तेव्हा परतीची गाडी यायला वीस मिनिटे राहिली होती. आई म्हणाली, “एवढा पाय व्हऊ दे.”

पाय झाला. गाडी चुकली.

पुढची गाडी संध्याकाळची. तोवर पापड घेतले. आईने पोह्याचे पापड उजेडाकडे धरून पाहिले, मिरगुंडे बोटांनी मोडून पाहिली, “आमच्या घरचे जास्त पातळ व्हतात,” असे दुकानदाराला ऐकवले आणि तरीही अर्धा किलो घेतले. मग स्टेशनात येऊन बसलो. जवळपास दोन तास.

माझ्या आईला मी कधी रिकामी बसलेली पाहिलेली नाही. बोलतानाही तिच्या हातात वाल सोलायचे असतात, विळी असते, नाहीतर कोणाचे तरी बटण. इथे हातांना काहीच नव्हते. थोडा वेळ ती पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिली. मग तेही थांबले. रुळांपलीकडे कोणीतरी शेतात मडके उपडे घालून भोवती पाचोळा रचत होते, पोपटीची तयारी. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, वर जाळ. वास येईल की गाडी आधी येईल, यावर आमची पैज लागली.

मग ती आपण होऊन सांगू लागली. शाळेत सातवीपर्यंत होती. सातवीची सहल रायगड किल्ल्यावर जाणार होती. बाईंनी तिचे नाव यादीत लिहिले होते, तिसरे नाव. पैसे द्यायच्या दिवशी घरातून मिळाले नाहीत. “मग?” मी विचारले. “मग काय? सहल गेली. दुसऱ्या दिवशी समदी शाळेत सांगत व्हती, टकमक टोक असं हाय, बाजारपेठ अशी हाय. ऐकून ऐकून मला पन पाठ झालं. परीक्षेला निबंध आला सहलीवर, तर मी लिवला.”

“न जाता?”

“न जाता. धा पैकी आठ मिळाले.”

माझ्या काश्मीरची गोष्ट मी तिला तोवर सांगितली नव्हती. तेव्हा सांगितली. ती इतकी हसली की बाकावरचे एक आजोबा वळून पाहू लागले.

पैज मी हरले. वास आधी आला, गाडी मागून.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बाबा ओट्यावर बसले होते. “कुठं गेलता?”

“पेणला,” आई म्हणाली. “पापड आनायला.” आणि पिशवी त्यांच्यापुढे ठेवून आत गेली. बाबांनी पुढे काही विचारले नाही.

रविवारी सकाळी मी तोंड धूत होते. परसात शेजारच्या काकू आणि आई बोलत होत्या. काकू विचारत होत्या, पेणला काय काम काढलं होतंस गं? आईने बादली खाली ठेवली. “काय काम नाय,” ती म्हणाली, आणि डोळे सर्वांत शेवटी का काढतात तिथून तिने सांगायला सुरुवात केली. बादली भरून वाहू लागली तरी तिचे सांगणे चालूच होते. मी जाऊन नळ बंद केला.