मैदान एक, संघ अनेक

बालमित्रांनो, मैदान कोणाचं यावरून तुमचीही भांडणं होतात ना? आमच्या मोशीत तर रोज! मग चला, पुणे, सातारा, कराड मागे टाकून कोल्हापूरला जाऊ.

इथलं राजर्षी शाहू स्टेडियम पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... सारे कट्टर प्रतिस्पर्धी, पण सामने याच मैदानावर! ‘तालीम’ म्हणजे कुस्तीचा आखाडा. पेठेपेठेतल्या तालमींची पोरं फुटबॉल खेळू लागली आणि नावं तीच राहिली. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

सामन्याला सारी पेठ लोटते. कधी ईर्ष्या डोक्यात जाते, प्रेक्षक हातघाईवर येतात. मग सामना थांबतो आणि नुकसान कोणाचं? दोन्ही संघांचं!

इटलीतल्या मिलान शहरातही असंच. १९२६ साली उभं राहिलेलं सान सिरो स्टेडियम १९३५ पासून नगरपालिकेचं होतं. १९४७ पासून मिलान आणि इंटर हे दोन हाडवैरी तिथेच खेळत आले. स्टेडियमला नाव मिळालं ज्युसेप्पे मेआत्सा यांचं. ते दोन्ही संघांकडून खेळले होते! आणि गंमत म्हणजे, २०२५ मध्ये या दोघांनी मिळूनच ते विकत घेतलं.

पटलं ना? समोर प्रतिस्पर्धीच नसेल तर गोल करणार कोणावर? तेव्हा उद्या मैदानावर आधी पोचलात, तरी दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनाही हाक मारा!