शेवंतीची रात्र

पावसाळाभर माझ्या बागेची काळजी परमेश्वर घेतो. आश्विन लागला की ती तो माझ्या अंगावर टाकून मोकळा होतो. परतीचा पाऊस एकदा शेवटचा गडगडून गेला, की दुसऱ्या दिवशी जे ऊन पडते त्याच्यासारखे लबाड ऊन बारा महिन्यांत नाही. वैशाखातले ऊन निदान सांगून सवरून येते. हे मात्र सकाळी धुक्याची शाल पांघरून येते आणि अकरा वाजता टाळू भाजून काढते. चार महिने झारीला हात न लावलेल्या माणसाला एका आठवड्यात दोन वेळा पाणी घालायची पाळी येते.

'बाग' हा शब्द मी जरा सढळपणे वापरतो आहे, हे कबूल केले पाहिजे. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतले आमचे बैठे घर. त्याच्यापुढे बारा हात लांब नि सहा हात रुंद असा मातीचा तुकडा आणि कट्ट्यावर वीस-बावीस कुंड्या. पण आश्विनात एवढ्यालाही माणूस पुरा पडत नाही. पावसाने कुंड्यांतली माती दडपून घट्ट झालेली असते, वर हिरवे शेवाळ धरलेले असते. ती खुरप्याने हलक्या हाताने मोकळी करायची, मूठभर शेणखत आणि चिमूटभर कडुलिंबाची पेंड घालायची. तेरडा रंग दाखवून संपलेला असतो, तो उपटायचा. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसलेला असतो, तो जुन्या दातांच्या ब्रशाने साबणाच्या पाण्यात घासून काढायचा. कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतात. त्या पुढे हिरव्या होतात आणि शेवटी त्यांची देखणी फुलपाखरे होतात, हे कळल्यापासून मी त्यांना हात लावीत नाही. त्यावरून आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की फोडणीत फुलपाखरे घालता येत नाहीत.

या सगळ्या प्रजेत पट्टराणी म्हणजे शेवंती. पिवळी, लहान फुलाची, जुन्या वळणाची. आई लग्नानंतर वाईहून माहेरच्या अंगणातल्या काश्या, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिले, ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. त्यानंतर आम्ही भाड्याची तीन घरे बदलली आणि चौथे बांधले. प्रत्येक वेळी ते फडके आईच्या मांडीवर होते. आई जाऊन आता अकरा वर्षे झाली. तिचे दागिने वाटले गेले, भांडी जुनी झाली. शेवंती मात्र दर वर्षी नवी होते. फुले ओसरली की काश्या काढायच्या, पावसाच्या तोंडाला कुंड्यांत लावायच्या, श्रावणापर्यंत दोनदा शेंडे खुडायचे. नवरात्रात कळी धरते आणि लक्ष्मीपूजनाला तबक भरते. यात कधी खंड पडला नव्हता.

गेल्या वर्षी पडला.

घटस्थापना झाली, दसरा झाला. झेंडू भरभरून आला, शेवंतीला मात्र कळीचा पत्ता नाही. पाने पाहावीत तर तजेलदार, हिरवीगार. मी खत वाढवले, मग कमी केले. पाणी तोडले, मग पुन्हा घातले. शेवटी एक फांदी कागदात गुंडाळून ओळखीच्या रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्याकडे गेलो. त्याने फांदीकडे पाहिलेसुद्धा नाही.

"रातीला दिवा जळतोय का तिथं?"

"जळतो. पण शेजारच्यांचा."

"मग झोपंल कशी ती? आन् झोपली न्हाई तर फुलंल कशी?"

मला हसू आले. पण घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा माळीच खरा ठरला. झाडे दिवसाची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूच्या एका जातीवरून दाखवले. पुढे असे कळले की झाड मोजते ते दिवसाला नव्हे, रात्रीला, अखंड अंधाराला. पुण्यात ज्येष्ठातला मोठ्यात मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर जातो आणि दिवाळीच्या सुमारास तो साडेअकरा तासांच्या आसपास येतो. रात्र लांबत चालली, की शेवंती समजते, आपली वेळ झाली. मध्येच उजेड पडला की तिचा हिशेब चुकतो. फुलांचा व्यापार करणारे मुद्दाम रात्री दिवे लावून शेवंती लांबवतात आणि काळे कापड पांघरून ती लवकर आणतात. आमच्या अंगणात फुकटात पहिला प्रकार चालला होता.

दिवा बाईंचा. शेजारच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. साऱ्या गल्लीच्याच त्या बाई. त्यांचे यजमान ज्येष्ठात गेले. मुलगा बंगळुरूला. परत जाताना त्याने भिंतीवर एक मोठा दिवा बसवून दिला. तिन्हीसांजेला लागायचा तो उजाडेपर्यंत. आमच्या कट्ट्यावर मध्यरात्री पेपर वाचावा असा उजेड.

"सांगा जाऊन, पण भांडू नका," सौभाग्यवती म्हणाल्या.

मी गेलो. मनात वाक्ये जुळवून गेलो. बाईंनी कॉफी टाकली, आणि मी तोंड उघडण्यापूर्वी त्याच म्हणाल्या, "या दिव्यामुळे आता झोप लागते हो. मध्येच जाग आली की खिडकीतून तुमचं दार दिसतं. बरं वाटतं."

कॉफी पिऊन मी परत आलो.

कुंड्या हलवाव्यात तर मागच्या अंगाला ऊन नाही, आणि रोज ने-आण करायला माझी कंबर राजी नाही. मग माळ्यावरून छत्र्या काढल्या. वडिलांची लाकडी मुठीची, माझी कचेरीतली, मुलीची शाळेतली, सगळ्या काळ्या. रोज सहा-साडेसहाला पाच कुंड्यांवर दिव्याच्या बाजूने छत्र्या कलत्या बांधायच्या, खाली पोत्याची झालर सोडायची आणि सकाळी सात वाजता सोडवायच्या. कोरड्या ठणठणीत आश्विनात हा देखावा पाहून दूधवाल्यानेही सायकलची गती कमी केली.

चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून बाईंनी विचारले, "पाऊस गेला, मग छत्र्या कशाला?"

"दव पडतं," मी म्हणालो.

"दवाने शेवंतीचं काय बिघडतं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी विसरलो होतो, की बाईंनी तीस वर्षे मुलींना जीवशास्त्र शिकवले होते. त्यांची नजर छत्र्यांवरून वर दिव्याकडे गेली. काही न बोलता त्या आत निघून गेल्या.

त्या रात्री दिवा लागला नाही. कट्ट्यावर कित्येक महिन्यांनी काळोख पडला. मला आनंद व्हायला हवा होता. पण बाईंच्या घरात पुढच्या खोलीतला दिवा जळत होता, स्वयंपाकघरातला जळत होता, न्हाणीघरातलाही जळत होता. दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो तेव्हाही जळत होते. खिडकीत बाई बसलेल्या दिसल्या.

सकाळी दात घासून तसाच गेलो.

"बाई, दिवा लावत जा."

"फुलांना अंधार हवा ना? मला आधी का सांगितलं नाहीत?"

"फुलांना छत्री पुरते."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आत जाऊन एक छत्री घेऊन आल्या. यजमानांची. मोठी, गुढघ्यापासून खांद्यापर्यंत माणूस झाकेल अशी. "ही घ्या. मुलीच्या छत्रीने ती कोपऱ्यातली कुंडी पुरती झाकत नाही. मी रोज बघते."

गेल्या दिवाळीला लक्ष्मीपूजन बाजारच्या फुलांवर झाले. आईच्या फोटोपुढे दिवा लावताना मला उगाचच अपराध्यासारखे वाटले. शेवंती फुलली ती मार्गशीर्षात, थंडीत. दुसऱ्या गुरुवारी निम्मे तबक बाईंकडे गेले.

यंदा भाद्रपद लागल्याबरोबर छत्र्या काढल्या. दिवा आहेच. संध्याकाळचे काम आता माझ्याकडे राहिलेले नाही. सहाच्या ठोक्याला बाई फाटक ढकलून येतात, छत्र्या बांधतात आणि झालर नीट सोडली नाही म्हणून आदल्या दिवशीच्या चुकीबद्दल मला बोलतात. परवा मला घरी यायला रात्र झाली. पाहिले तर पाचही छत्र्या जागच्या जागी होत्या, आणि दारात सौभाग्यवतींच्या हातात बाईंची चिठ्ठी: 'कोपऱ्यातल्या कुंडीत मोहरीएवढ्या कळ्या. तेवीस. सकाळी चश्मा लावून पुन्हा मोजाव्यात.'