हळदीने शिशाचं विष उतरतं का?

2025 च्या जानेवारीत आपल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. चर्चा सेलेनियमची झाली, पण शिसं आणि पाऱ्याची धास्तीही घरोघरी शिरली. तेव्हापासून पेशंट मला विचारतात, "डॉक्टर, रोज हळदीचं दूध घेतलं तर मेंदू वाचेल ना?"

प्रश्न रास्त आहे. शिसं दिलेल्या उंदरांच्या मेंदूची हानी हळदीतल्या करक्युमिनने कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण खाल्लेल्या हळदीतलं करक्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. माणसाच्या शरीरातलं शिसं काढणारं औषध म्हणून ते सिद्ध झालेलं नाही.

उलट, रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी हळदीलाच लेड क्रोमेट लावतात. त्यात शिसं असतं! म्हणून पिवळंधमक पॉलिश केलेलं हळकुंड टाळा.

घरात कोणी जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम करत असेल, तर मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. ते 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त निघालं, तर आधी ते येतं कुठून हे शोधून थांबवायचं. भाजीत हळद जरूर घाला. तिच्या भरवशावर तपासणी मात्र लांबवू नका.