ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन : रबराची पेढी आणि छोटी मोटार

बाथ शहरातून निघालेली आगगाडी एव्हन नदीच्या काठाने वळणे घेत सुमारे पंधरा मिनिटांत ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी पोहोचते. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील हे लहानसे गाव नदीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले आहे. घरे बाथच्या मधुवर्णी दगडाची, गल्ल्या अरुंद, चढ अंगावर येणारे. नदीवरील जुन्या दगडी पुलाच्या दोन कमानी तेराव्या शतकातील आहेत. पुलाच्या कठड्याला लागून एक इवलीशी दगडी खोली आहे. एके काळी गावातील उपद्रवी माणसांना रात्रभर तिथे कोंडून ठेवीत. बैलगाडी आणि घोडा यांच्या मापाने घडलेल्या या पुलावरून आता दिवसभर मोटारींची रीघ लागलेली असते. मोटारीसाठी हे गाव बांधलेले नव्हे, हे पाहताक्षणी कळते. तरीही लहान मोटारीची चाके रस्त्याला कशी धरून राहावीत, या प्रश्नाचे एक फार मोठे उत्तर याच गावात सापडले, आणि ते सापडले एका जुन्या व्यापारी घराण्याला.

गावाची मूळ संपत्ती लोकरीची. विणकरांच्या घरांच्या रांगा टेकडीवर अजून उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडील यॉर्कशरच्या यंत्रगिरण्यांपुढे इथला कापडधंदा टिकेनासा झाला आणि नदीकाठच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. त्या पडत्या काळात, १८४८ साली, स्टीफन मोल्टन नावाचा एक इंग्रज गृहस्थ न्यूयॉर्कमधील वास्तव्य संपवून येथे आला. अमेरिकेत त्याची चार्ल्स गुडइयरशी ओळख झाली होती. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. गंधक मिसळून तापवले की ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहते, हा गुडइयरचा शोध. त्या रबराचे नमुने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आणणाऱ्यांत मोल्टन होता. त्याने ओस पडलेली किंग्स्टन गिरणी विकत घेतली, तिच्यालगतचा सतराव्या शतकाच्या आरंभीचा ‘द हॉल’ हा जीर्ण वाडाही घेतला, आणि जिथे लोकर विणली जाई तिथे रबर लाटले जाऊ लागले.

‘लाटणे’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यायचा. त्या गिरणीत १८४९ साली बसवलेले ‘आयर्न ड्यूक’ नावाचे प्रचंड यंत्र म्हणजे लोखंडी लाटण्यांची चळतच होय. लाटण्यांच्या फटीतून रबराचा गोळा जाई आणि पापडासारखा एकसारख्या जाडीचा होऊन बाहेर पडे. क्रिमियन युद्धातील सैनिकांसाठी पावसाळी अंगरखे येथे तयार झाले. पण पेढीला खरे स्थैर्य आले ते रेल्वेमुळे. आगगाडीच्या डब्यांखाली आणि डब्यांच्या मध्ये धक्का सोसण्यासाठी लागणाऱ्या रबरी स्प्रिंगा हा तिचा मुख्य माल ठरला. १८९१ साली जॉर्ज स्पेन्सर यांच्या व्यवसायाशी भागीदारी झाली आणि ‘जॉर्ज स्पेन्सर, मोल्टन अँड कंपनी’ या नावाने व्यवहार चालू राहिला. वाड्याचीही कीर्ती अशी की, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातील ब्रिटिश दालन त्याच्याच दर्शनी भागाच्या धर्तीवर उभारले गेले.

स्टीफनचा पणतू अॅलेक्स मोल्टन १९२० साली जन्मला. केंब्रिजचे शिक्षण, मध्येच महायुद्ध, त्या काळात ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातील उमेदवारी आणि मग घरच्या पेढीत प्रवेश, असा त्याचा क्रम. रेल्वेच्या डब्याखालचे रबर मोटारीखाली का चालणार नाही, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. त्याच सुमारास त्याची गाठ अॅलेक इसिगोनिस या मोटार-रचनाकाराशी पडली. इसिगोनिसने तरुणपणी मित्राच्या साहाय्याने हाताने एक शर्यतीची गाडी बांधली होती आणि तिलाही रबराचेच सस्पेन्शन होते. दोघांचे जुळले यात नवल नाही.

पुढे १९५६ साल उजाडले आणि दोन घटना एकाच वर्षात घडल्या. मोल्टन घराण्याची पेढी एव्हन रबर कंपनीला विकली गेली. एकशे आठ वर्षांची मालकी संपली. आणि सुएझच्या संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे शिधावाटप सुरू झाले. पेढी गेली, तरी वाडा राहिला होता, आणि रबर कसे वागते याविषयीची जाण तर कोणत्याही खरेदीखतात लिहून देता येण्यासारखी नव्हती. अॅलेक्सने वाड्याच्या तबेल्यांत स्वतःची संशोधनसंस्था थाटली. कारखाना हातचा गेल्यावर त्याच आवारात काम चालू ठेवायला काय मनोबल लागले असेल, हे पिढीजात दुकान बंद होताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. तिकडे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनला कमी पेट्रोलवर चालणारी, चार माणसे नीट बसतील अशी लहान गाडी तातडीने हवी होती. तीच ‘मिनी’. ती २६ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आली.

मिनीची लांबी अवघी दहा फूट, चाके दहा इंची, वजन सुमारे ६०० किलो. येथेच सस्पेन्शनची खरी अडचण उभी राहते. मोठ्या, जड गाडीत चार माणसे बसली तरी एकूण वजनात थोडासाच फरक पडतो. मिनीत चार प्रौढ बसले की गाडीच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा भार एकदम वाढतो, आणि त्यातला बराचसा मागच्या चाकांवर येतो. पोलादी स्प्रिंग साधारणतः एकाच प्रमाणात दबते : दुप्पट वजन, दुप्पट दाब. ती रिकाम्या गाडीसाठी मऊ ठेवली तर भरलेली गाडी मागे बसते, दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि वळणावर पुढची चाके हलकी होतात. ती भरलेल्या गाडीसाठी कडक ठेवली तर एकटा चालक प्रत्येक खड्ड्याला आसनावरून उडतो. लग्नसराईत लहान गाडीत पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन घाट चढलेल्या कुटुंबांना यातील पहिला प्रकार चांगलाच परिचयाचा असेल.

मोल्टनने स्प्रिंगेऐवजी रबराचा एक जाड शंकू बसवला. दोन धातूच्या बैठकींमध्ये अडकवलेला हा शंकू थोड्या भाराला सहज दबतो. भार वाढत जाईल तसतसा तो अधिकाधिक कडक होतो. म्हणजे एकट्या चालकासाठी वेगळी स्प्रिंग आणि भरल्या कुटुंबासाठी वेगळी, अशा दोन्ही एकाच रबरात. शिवाय तो इतका आटोपशीर की, पुढे इंजिनाच्या बाजूला उभा आणि मागे आसनाखाली आडवा मावतो. चाकाची मोठी हालचाल तरफेने शंकूच्या लहानशा हालचालीत रूपांतरित होते. चाके गाडीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवलेली, अंग बुटके, सस्पेन्शनला डुलायला फारसा वावच नाही. त्यामुळे स्टिअरिंग वळवताच ही गाडी कलंडल्याची भावना न होता वळते. १९६४, १९६५ आणि १९६७ साली मिनी कूपर एस गाड्यांनी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, ती बर्फाळ डोंगरवाटांवर कितीतरी शक्तिमान गाड्यांना मागे टाकून. १९६६ सालीही पहिल्या तीन जागा त्यांच्याच होत्या. परंतु दिव्यांच्या नियमाचे कारण दाखवून त्या बाद ठरवण्यात आल्या. त्या निर्णयाबद्दलची कुरकुर इंग्लंडमध्ये अजून ऐकू येते.

या रचनेला उणीव नव्हती असे नाही. रबराचा धक्का बारीक आणि उसळता असतो. लांबच्या प्रवासात कंबर बोलू लागते. मोल्टनने नंतर एका बाजूच्या पुढच्या व मागच्या चाकाला द्रवाच्या नळीने जोडणारी पद्धत काढली. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागे सरकतो, मागील बाजू तितकीच उचलली जाते आणि गाडी डोलण्याऐवजी समतल राहते. १९६२ च्या मॉरिस ११०० मध्ये ती प्रथम आली, १९६४ पासून मिनीलाही मिळाली. पण ती महाग पडे, म्हणून काही वर्षांनी मिनी पुन्हा साध्या शंकूंवर आली. २००० साली उत्पादन थांबेपर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य शंकूंवरच चालल्या.

आज ज्यांच्याकडे जुनी मिनी आहे त्यांना ती अधिक चपळ करण्याचा मोह पडतोच, आणि त्यासाठी सुट्या भागांचा एक मोठा बाजार उभा आहे. त्या बाजारात पाऊल टाकणाऱ्याची पहिली चूक बहुधा ठरलेली असते : तो गाडी खाली बसवतो. शंकूवर टेकणाऱ्या दांड्याची लांबी फिरवून कमीजास्त करता येईल असा भाग मिळतो; त्याने गाडी दोन इंच खाली आली की ती दिसायला शर्यतीची वाटते. परंतु मिनीच्या चाकांना वर-खाली होण्याची जागा मुळातच थोडी. ती आणखी घटली की पहिल्याच खड्ड्याला सस्पेन्शन शेवटच्या ठोकळ्यावर आदळते, आणि आदळणारे चाक क्षणभर रस्ता सोडते. रस्ता सोडलेले चाक ना वळवता येते, ना थांबवता येते. दिखाऊपणासाठी सुरक्षितता गहाण टाकण्याचा हा व्यवहार आहे.

जाणता मेस्त्री उलट्या टोकापासून सुरुवात करतो. वर्षानुवर्षांच्या भाराने शंकू कडक आणि चपटा झालेला असतो, गाडी आपोआपच खाली गेलेली असते. नुसते नवे शंकू घातले तरी अनेक मालकांना गाडी बदलल्यासारखी वाटते. मग दांड्याच्या टोकाशी असलेला गोळा आणि त्याची नायलॉनची वाटी पाहावी लागते. हा भाग स्वस्त, डोळ्याआड आणि म्हणून दुर्लक्षित. वंगण सुकले की तो करकरतो आणि अडकतो, आणि अडकलेल्या सांध्यापुढे महागडे शॉक अॅब्सॉर्बरही निरुपयोगी ठरतात. त्यानंतर बुश. पुढच्या चाकाला जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे बुश सैल झाले की ब्रेक दाबताच चाक किंचित मागे सरते आणि गाडी एका बाजूला ओढते. पुष्कळांना तो स्टिअरिंगचा दोष वाटतो. ही सारी डागडुजी झाल्यावर चांगल्या प्रतीचे, कमीजास्त करता येणारे शॉक अॅब्सॉर्बर घ्यावेत. शंकू भार तोलतो, उसळी मारणे मात्र शॉक अॅब्सॉर्बरचे काम. रबराच्या बारीक उसळीला लगाम बसतो तो इथेच. शेवटी पुढची चाके वरच्या बाजूला दीडेक अंश आत झुकतील असे खालचे आर्म बसवता येतात. वळणावर बाहेरच्या चाकाचा टायर त्यामुळे रस्त्यावर सपाट टेकतो. हे बसवल्यावर अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य, अन्यथा टायरची आतली कड काही महिन्यांतच झिजते.

रबर काढून पोलादी स्प्रिंगा घालण्याचे संचही मिळतात. चालक एकटा असताना त्या मऊ व सुखद वाटतात. मागे दोन माणसे बसताच मोल्टनने सोडवलेला प्रश्न जसाच्या तसा परत येतो. मोठी तेरा इंची चाके घालण्याची हौसही तशीच. ती दिसतात देखणी. पण टायरची बाजू पातळ होते आणि रस्त्याचा प्रत्येक खडा थेट पाठीच्या कण्याशी बोलतो. इतक्या लहान गाडीसाठी दहा इंची चाक मुद्दाम घडवून घेतले गेले होते, हे विसरणे बरे नव्हे.

सर्वांत लक्षणीय बाब अशी की, उतारवयात स्वतः अॅलेक्स मोल्टननेही जुन्या मिनीसाठी एक सुधारणा-संच सिद्ध केला. बाजाराचा कल गाडी कडक करण्याकडे असताना त्याने ती मऊ करण्याचा मार्ग धरला. माणूस आत स्वस्थ बसला, चाक रस्त्याच्या चढउताराबरोबर मोकळे हलले, की गाडी वळणावर आपसूकच नीट वागते, अशी त्यामागची दृष्टी. २०१२ साली वयाच्या ९२ व्या वर्षी त्याचे निधन झाले. रबरी सस्पेन्शन असलेली, लहान चाकांची सायकल त्याने १९६२ पासून याच आवारात बनवायला घेतली होती. वाडा आता न्यासाकडे आहे.

किंग्स्टन गिरणीतील रबराचे काम गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडले आणि तिथे आता राहती घरे आहेत. ‘आयर्न ड्यूक’ मात्र भंगारात गेला नाही. जवळजवळ दीड शतक रबर लाटलेले ते यंत्र गिरणीच्या परिसरातच मांडून ठेवले आहे. पर्यटक त्याच्या लोखंडी लाटण्यांवरून हात फिरवतात आणि पुलाकडे निघतात. तिथे गाड्यांची रांग हळूहळू पुढे सरकत असते. पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो, एक वळण घेतो आणि टेकडी चढू लागतो.