पहिला नंबर

यंदा दिवाळी अंकासाठी मी व्हिस्कीवर लिहितो आहे हे कळले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातला सोऱ्या खाली ठेवला. ‘वर्षाचा सण, आणि तुम्हांला हाच विषय मिळाला?’ मी म्हटले, ‘अगं, विषय व्हिस्कीचा दिसतो खरा, पण आहे दादाचा.’ त्यावर ती काही बोलली नाही. दादाचे नाव निघाले की आमच्याकडे सगळे जरा जपूनच बोलतात.

आमचे मूळ गाव मावळातले वडिवळे. कामशेतला उतरायचे आणि आत वळायचे. दादा तिथेच राहिला आणि भात लावत आला. मी पुण्यात चाळीस वर्षे नोकरी केली. निवृत्त झाल्यावर माझ्या वाट्याचा तुकडा एका बंगला बांधणाऱ्या गृहस्थाला विकायचे ठरवले. दादा ‘विकू नको’ असे एकदाही म्हणाला नाही. तो बोलेनासाच झाला. दरसाल इंद्रायणी तांदळाचे पोते मात्र चुकले नाही. पूर्वी पोत्याबरोबर चिठ्ठी येई, ती तेवढी बंद झाली.

गेल्या भाऊबीजेला ताईने आम्हां दोघांना वडिवळ्याला एका पाटावर आणले. तिचा मुलगा ग्लासगोला असतो, तोही आला होता. त्याच्या बॅगेतून तीन बाटल्या निघाल्या. दादाच्या गळ्यात माळ, म्हणून तो निजल्यावर आम्ही पडवीत बसलो. माझ्याजवळ सरकारी परवाना आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा हा परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून देतात. तेव्हा त्या रात्री जे झाले ते प्रकृतीसाठीच झाले.

‘मामा, यातल्या दोन आयलाच्या,’ भाचा म्हणाला.

‘घरात मोठी माणसं निजलीत, जरा तोंड सांभाळ!’ ताई आतून ओरडली.

‘अगं आई, शिवी नाही ती. बेटाचं नाव आहे!’

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हे आयला बेट आहे. तिथल्या दलदलीत शेवाळ आणि झुडपे पुरती न कुजता थरावर थर साचत जातात. त्याला पीट म्हणतात. एक मीटर थर साचायला हजारएक वर्षे लागतात. हे पीट विटांसारखे कापून वाळवतात. सातू भिजवून त्यांना मोड आणतात आणि ते मोड वाळवताना खाली पीट जाळतात. त्याचा धूर दाण्यात असा मुरतो, की भट्टीतून उतरलेल्या दारूतही तो राहतो. मग ती ओकच्या पिंपात भरून ठेवायची. निदान तीन वर्षे तरी ठेवलीच पाहिजे, असा तिकडचा कायदा आहे. दरसाल शेकडा दोन भाग आपोआप उडून जातो. त्याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात.

भाच्याने कमळाच्या कळीसारखे निमुळते तीन पेले मांडले आणि पाण्याचे चार-चार थेंब टाकले. ‘मामा, आधी नुसता वास घ्या. कशाची आठवण येते ते सांगा.’

पहिली होती लॅफ्रॉइग, दहा वर्षांची. मी तत्काळ म्हणालो, ‘दवाखाना!’ टिंक्चर आयोडीन, बँडेज आणि मागे जळका धूर. भाचा खूश झाला. जाणकारही असेच म्हणतात म्हणे. तिसरी आपल्या गोव्याची, कुंकळ्ळीला तयार झालेली पॉल जॉन. सातू आपल्या देशातले, पीट मात्र स्कॉटलंडचे. गोव्याच्या उकाड्यात पिंपातला माल लवकर पिकतो आणि देवदूतही अधिक पितात. तिच्यात मला काकवी लागली, चुलीवर किंचित करपलेली.

अडलो तो मधल्या पेल्यावर. ती लागावुलिन, सोळा वर्षांची. तिची भट्टी पहिलीच्या शेजारीच, त्याच किनाऱ्यावर. धूर हिच्यातही होता. पण जास्त वर्षे पिंपात राहिल्याने तो मवाळ झाला होता. डोळ्यांत न जाता तो पोटात उतरत होता. हा वास मला माहीत होता. लहानपणापासून माहीत होता. पण नाव काही केल्या आठवेना. भाच्याने समुद्र सुचवला, होमकुंड सुचवले. मी मान हलवत राहिलो आणि तसाच झोपलो.

रिकामे पेले पडवीतच राहिले. पहाटे काकडा आटोपून दादा आला. मी जागा होऊन पाहतो तो त्याच्या हातात मधला पेला! दारू रात्रीतच वाळून गेली होती आणि तळाशी नुसता धूर उरला होता. त्याने तो नाकाशी नेला. मी अंग चोरून पडून राहिलो.

‘राब कोणी भाजला रे कार्तिकात?’ दादा म्हणाला.

राब! वैशाखात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर आणि वर माती घालून ते सावकाश धुमसू देतात. तणाचे बी मरते, राखेचे खत होते. त्यावर पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, तोच त्या पेल्यात होता. दादाने तो जन्मभर जपला आणि मी पुण्याला जाऊन त्याचे नावसुद्धा घालवून बसलो. आणि आमचा राब भाजण्याची जागा कोणती? मी विकायला काढलेल्या तुकड्यातच ती होती.

पेल्यात काय होते ते मी दादाला सांगितले. तो रागावला नाही. पेला खाली ठेवून त्याने हात धुतले आणि म्हणाला, ‘वास मात्र खरा आहे.’ तीन वर्षांत तो माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

वैशाखात त्याचा फोन आला. ‘राब भाजायचाय. येतोस?’ मी गेलो. दिवसभर धुरात डोळे चोळत उभा राहिलो. जमिनीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. विक्रीचा कागद सहीवाचून अजून माझ्या कपाटात आहे.

परवा भाच्याने ग्लासगोहून विचारले, ‘मामा, तिघांत पहिला नंबर कोणाचा ते तुम्ही सांगितलंच नाही.’

मी कळवले, ‘दादाचा.’