नर्सीची कॅसेट

कॉलेजात आमच्या रूमवर दोन पार्ट्या होत्या. एक 'नेव्हरमाइंड'वाली, दुसरी 'इन युटेरो'वाली. बँड एकच, निर्व्हाना. पहिला अल्बम १९९१चा, बुच व्हिगने बनवलेला, अँडी वॉलेसने मिक्स करून गुळगुळीत केलेला. दुसरा १९९३चा. त्यात स्टीव्ह अल्बिनीने बँडला एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं, खोलीभर माइक लावले आणि दोनेक आठवड्यांत काम उरकलं. प्लंबरसारखी ठरलेली मजुरी घेतली, रॉयल्टी नको म्हणाला. (तरी पुढे दोन गाणी स्कॉट लिटकडून परत मिक्स करून घेतलीच, पण ते असो.)

मी अर्थातच अल्बिनीच्या पार्टीत. रात्र रात्र भांडायचो.

आणि मग हा पराक्रम केला. आमचं गाव नर्सी, हिंगोलीपासून जवळच, संत नामदेवांचं. आजोबांच्या भजनाची १९९४ची एक कॅसेट घरात आहे. ओसरीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली. पुण्याला आणली, कॉम्प्युटरवर घेतली आणि ऑडॅसिटीत 'साफ' करायला बसलो. खरखर काढली तर टाळही पाण्यात वाजल्यासारखे झाले, कारण सॉफ्टवेअरला टाळ आणि खरखर यातला फरक कळत नाही. भजनाची लय शेवटी चढत जाते, ती मी क्लिकवर सरळ केली. खोकला, कुत्रं, मधलं बोलणं, सगळं कट. जागा वाचवायला मूळ फाईल डिलीट! (हो, मीच. बॅकअपवर लोकांना लेक्चर देणारा.)

दिवाळीत आजीला ऐकवलं. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, "ते मधी पाणी मागतेत नं मला, ते कुठं गेलं?"

काय सांगणार? त्यांनी तिला मारलेली हाक टेपवर तेवढी एकच होती.

कॅसेट परत लावली तर डेकने टेप खाल्ली. घाम फुटला. पाच स्क्रू काढले, चुरगळलेली टेप बोटांनी सरळ केली, पेन्सिलीने गुंडाळली. बी साइड, साधारण अकरावं मिनिट. आवाज तिथे डुगडुगतो, मध्येच बुडतो, पण "पाणी आण गं" ऐकू येतं.

"हां," आजी म्हणाली. मी स्टॉपकडे हात नेला.

"राहू दे नं. अजून कुत्रं यायचंय."